डिकीतलं पाणी अखेर सापडलं

तीन आठवडे डिकी उघडली की कुबट वास. घोडबंदर रोडचा पाऊस, त्यात पार्किंग उघड्यावर, म्हणून वाटलं दमट हवा असेल. आज सकाळी कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्यात चार बोटं पाणी! जॅक, पाना गंजलेले. पोटात कालवलं. सहा वर्षं जिवापाड जपलेली गाडी आहे ही.

गॅरेजवाल्याने न बघताच डिकीच्या दरवाज्याचं रबर बदलायला लावलं होतं. फरक शून्य.

मग आज स्वतःच शोधायचं ठरवलं. खळग्याच्या तळाचं रबरी बूच काढून पाणी सोडलं, सगळं कोरडं पुसलं आणि आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. मागची सीट पाडून लेक टॉर्च घेऊन आत बसली. बाहेरून मी पाइप धरला, पण खालून वर: आधी बंपर, मग लाईट, छत शेवटी. आधीच छतावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळतच नाही.

उजव्या लाईटपाशी पाच मिनिटं झाली असतील. "बाबा, आलं! पावडरवर रेघ उमटली!"

लाईट काढला. मागचं गॅस्केट (पाणी आत येऊ न देणारी पट्टी) एका कोपऱ्यात पार चेपलेलं. पाणी तिथून शिरून पत्र्याच्या आतून ओघळत सगळ्यात खोल जागी, स्टेपनीखाली, साचत होतं. आम्ही मात्र दरवाजाच धरून बसलो होतो.

नवीन गॅस्केट उद्या मिळेल. तोवर लाईटवर प्लास्टिक, कार्पेट गॅलरीत वाळतंय. लेकीला आज मनापासून शाबासकी दिली.