तक्ता उतरवला

आज संध्याकाळी लेक गोष्टीचं जाडसर पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे मोठं आहे. याचे किती स्टार?" पोटात खड्डाच पडला. दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून बसायची. मग मी फ्रिजवर तक्ता लावला. एका पुस्तकाला एक स्टार, दहा झाले की बक्षीस. आता ती शोधून शोधून पातळ पुस्तकं काढते.

बी.एड.ला हे शिकले होते मी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र शाबूत! म्हणजे मुलांना खुपतो तो आधी ठरलेला सौदा.

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, माणसाला निवडीची मोकळीक लागते, जमतंय ही जाणीव लागते आणि आपली माणसं लागतात. लगोरीत हे सगळं असतं, म्हणून अंधार पडला तरी कुणी घरी जात नाही.

तक्ता उतरवला. "मग आता वाचायचं कशाला?" लेकीने विचारलं. मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागले आणि वाघ गुहेत शिरतो तिथे थांबले. तिने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं.