व्हॅक्यूम इन्फ्युजन: रेझिन मिसळण्याआधी गळती तपासा

व्हॅक्यूम इन्फ्युजन म्हणजे मोल्डमधल्या कोरड्या ग्लास फायबरच्या कापडावर बॅग लावायची, पंपाने हवा काढायची आणि त्या ओढीने रेझिन आत भरायचं. मांडणी अशी: जेलकोट (पार्टचा बाहेरचा थर), त्यावर ग्लास, मग पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी), स्पायरल ट्यूब आणि सगळ्यात वर बॅग. ही मांडणी हँड ले-अप (हाताने रेझिन लावून थर बसवणं) करणाऱ्याला एकदा पाहून समजते. पार्ट फुकट जातो तो बहुतेक वेळा पंप लावल्यावर केलेल्या घाईमुळे.

बॅग घट्ट बसली की दहाएक मिनिटं पंप चालू ठेवा, सुरकुत्या आणि थर बसू द्या. मग पंपाकडची नळी क्लॅम्प करून गेज बघा. १५ मिनिटांत १० मिलिबारपेक्षा जास्त घसरण झाली तर रेझिन मिसळू नये. आधी प्लीट (बॅगच्या चुण्या), टेपचे कोपरे आणि नळी आत शिरते ती जागा तपासा. तिथे काही सापडलं नाही तर रिकाम्या मोल्डवर बॅग लावून बघा, कारण मोल्डलाही बारीक छिद्रं असतात. गळतीतून आत आलेली हवा बुडबुड्यांची रेघ होऊन लॅमिनेटमध्ये (रेझिन भिजलेल्या थरांत) राहते आणि ती दुरुस्त होत नाही.

गेजबद्दल एक गोष्ट. साधं डायल गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवतं. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाबच सुमारे ९५० मिलिबार असतो. त्यामुळे काटा उणे १ बारवर जाणार नाही, आणि तेवढ्यासाठी पंप बदलायची गरज नाही. ॲब्सोल्यूट गेज (शून्य दाबापासून मोजणारं) घेतलं तर हा गोंधळच राहत नाही.

आता रेझिनचा प्रवास. एकाच मांडणीत वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अर्धा मीटर भरायला ४ मिनिटं लागली तर एक मीटरला १६ लागतील. म्हणून रुंद पार्टला एका कडेने भरत बसण्याऐवजी मधे फीड लाइन (रेझिन आत आणणारी नळी) टाका आणि व्हॅक्यूम कडेला ठेवा. फ्लो मेश व्हॅक्यूम लाइनच्या ५ सेंटिमीटर आधीच थांबवा. तिथे रेझिन मंदावतं आणि खालच्या थरालाही भिजायला वेळ मिळतो. आतल्या कोपऱ्यात कापड ताणलं जाऊन मोल्डला न टेकता पुलासारखं अधांतरी राहिलं तर रेझिन त्या पोकळीतून आधी पळतं, व्हॅक्यूम लाइन गाठतं आणि मधला भाग कोरडा राहतो. कोपऱ्यात कापड बोटाने दाबून बसवणं हे वेळखाऊ काम आहे, पण ते टाळू नका.

जेल टाइम (मिसळलेलं रेझिन घट्ट होईपर्यंतचा वेळ) भरण्याच्या वेळेच्या किमान दुप्पट हवा. मे महिन्यात तो झपाट्याने घटतो, म्हणून त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये कपात १०० ग्रॅम रेझिन मिसळून मोजा. वेळ वाढवायला हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) कंपनीने सांगितलेल्या किमान प्रमाणाखाली नेऊ नका, पार्ट कच्चा राहतो; त्यापेक्षा स्लो ग्रेड मागवा. कोबाल्ट (जेल होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, स्फोट होऊ शकतो.

पूर्ण भरल्यावर आधी फीड बंद करा, आणि रेझिनची बादली रिकामी होण्याआधीच. नाहीतर नळीतून हवा ओढली जाते. मग व्हॅक्यूम थोडा कमी करा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन (त्याला पातळ ठेवणारं द्रव्य) फार खोल व्हॅक्यूमखाली उकळतं आणि लॅमिनेट सच्छिद्र होतं. पंप मात्र जेल होईपर्यंत बंद करायचा नाही.