जुने सिनेमे आणि भाड्याची खोली

जुने सिनेमे आजच्या मुलांना बघवतात का, हा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते: फार संथ! अंधेरीत नोकरी करणारी माझी भाची तर मोबाइलवर सगळंच दीडपट वेगाने बघते. गाणी चिरकतात, नायक धावत सुटल्यासारखा चालतो, पण तिचं म्हणणं, "मामा, गोष्ट कळते ना? मग झालं."

मला विचाराल तर संथपणामुळे सिनेमा शिळा होत नाही. ज्या अडचणीवर गोष्ट उभी असते ती अडचण संपली, की होतो. वेळेवर न पोचलेल्या एका पत्रापायी पूर्वी तीन-तीन तास ताटातूट चालायची. आज मध्यंतराच्या आत फोन लागेल. 'छोटी सी बात'मधला अमोल पालेकर बसस्टॉपवरच्या मुलीच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो, ते आम्हाला किती गोड वाटायचं! भाची म्हणाली, "हा तर पाठलाग करतोय." तिचं काय चुकलं? स्टेशनवरून रात्री एकटीने घरी चालत येते ती.

'मुंबईचा जावई'ची गंमत मात्र उलटी झाली. राजा ठाकूर यांचा हा 1970चा सिनेमा. त्यावरूनच बासू चटर्जींनी 1972 साली हिंदीत 'पिया का घर' केला. छोटं घर, त्यात खच्चून भरलेली माणसं आणि नव्या जोडप्याला निवांत बोलायलाही कोपरा नाही. मी आपला खो-खो हसत होतो. भाचीला काही हसू येईना. तिचं लग्न ठरलंय आणि दर रविवारी दोघं घर शोधत हिंडतायत. गोरेगावात दलालाने जो वन आरके दाखवला, तिथे पलंग उघडला की फ्रिजचं दार उघडत नाही. त्यासाठीही जबर डिपॉझिट, 11 महिन्यांचा करार आणि वर दलाली. माझ्या लेखी तो विनोदी सिनेमा होता, तिच्यासाठी बातमीपत्र.

'अशी ही बनवाबनवी'चंही तेच. 1988चा सिनेमा, घडतो पुण्यात, पण "बॅचलरना जागा देत नाही" हे वाक्य मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत आजही ऐकायला मिळेल. त्यातला धनंजय माने या मुलांना मीम्समधून आधीच ठाऊक असतो. अख्खा सिनेमा बघितल्यावर कळतं, की त्यातल्या बिचाऱ्या दोघा तरुणांनी साड्या नेसल्या त्या केवळ डोक्यावरच्या छपरासाठी.

आता माझाच सिद्धांत मोडणारा एक सिनेमा सांगतो: प्रभात फिल्म कंपनीचा, 1937 सालचा 'कुंकू'. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा. या शहरातल्या माझ्या भाचीला असल्या लग्नाची धास्ती नाही, म्हणजे तो शिळा व्हायला हवा होता. पण शांता आपटे ज्या ठसक्यात "हा नवरा मला मान्य नाही" असं डोळ्यांनीच बजावते, त्यापुढे परवा-परवाच्या कित्येक नायिका मिळमिळीत वाटतात. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) त्यात पार्श्वसंगीतही वापरलेलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. आता रडा, आता घाबरा, असं सांगणारी व्हायोलिनं नाहीत. नंतरच्या पिढ्यांतले बरेच सिनेमे आज नेमके त्या व्हायोलिनांमुळेच बघवत नाहीत.