नऊ जण पाण्यात

मालवणच्या ट्रिपची बोट ठरली एकदाची. अर्धे पैसे पाठवले, मालकाचा मिळाल्याचा मेसेज आला, वहिनीने ग्रुपवर नाचणाऱ्या बाहुल्या टाकल्या, दादाने अंगठा. झालं सगळं. आणि मी परवापासून एकाच वाक्यावर अडकून बसलेय, भांडी घासताना तेच, भाजी आणायला गेले तरी तेच, म्हणून आज लिहायला घेतलं.

परवा दादा स्पीकरवर मालकाशी बोलत होता. मालकाने विचारलं पाण्यात किती जण उतरणार, तेवढे मास्क आणि नळ्या बोटीत टाकायला. दादा म्हणाला, "नऊ जण पाण्यात. एक जण बोटीवर, सामानापाशी."

मी तिथेच बसले होते, मटार सोलत. ती एक जण मीच. आई तर खोलीवरच थांबणार आहे, तिचं आधीच ठरलंय. माझ्याकडे बघितलं पण नाही त्याने. बघायचं असतं असं वाटलंच नसणार. आणि वहिनी, दीपा, भाऊजी, कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही, लगेच पुढचं सुरू झालं, जेवायला सुरमई सांगायची का पापलेट. मी मटार सोलत राहिले. एक शेंग किडकी निघाली ती बाजूला काढली, एवढं लक्षात आहे, बाकी पुढचं बोलणं कानात शिरलंच नाही.

आता म्हणाल एवढं काय त्यात. मी पण स्वतःला तेच सांगतेय. पण ही सगळी ट्रिप मी जमवलीय हो. दिवाळीपासून मागे लागलेय. दादाला वेळ नाही, भाऊजींना नेहमीप्रमाणे सगळं चालतं, पोरांना नुसते व्हिडिओ बघायला पाहिजेत. मालवणच्या किती जणांना फोन केले असतील. शेअरिंगच्या बोटीत माणसं भरून नेतात, दहा मिनिटं पाण्यात घालतात की लगेच पुढचा नंबर, मग पोरं रडणार आणि वहिनी चिडणार. म्हणून म्हटलं पूर्ण बोट आपलीच घेऊ, पहाटे डॉल्फिन बघायला, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून वरूनच पाण्याखालचं बघायचं, मग देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिकडे, कोणी घाई करायची नाही. प्रत्येकाला पहिला प्रश्न मी एकच विचारायचे, बोटीचं लायसन किती माणसांचं आहे. दुसरा, लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाची आहेत का. एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही काय इन्स्पेक्टर आहात का." त्याचा नंबरच पुसून टाकला.

विचारणारच ना. २०१९ ला आपल्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला काय झालं ते कोण विसरलंय? पुरातून वाचवायला आलेली बोट, जास्त माणसं भरली आणि उलटली. आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीलाच पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले, ते पण माझ्या डोक्यात होतं. मी कोणाला बोलून दाखवलं नाही, उगाच आईला कळलं तर ट्रिपच बंद. पण माझ्या जिवाला माहितीय मी प्रत्येक फोन किती धसक्याने केला ते.

शेवटी हे मालक मिळाले ते मात्र चांगले निघाले. मी आपली रविवारची तारीख सांगितली तर म्हणाले, "बाय, त्या दिसाक उधाण आसा, पाणी गढूळ आसतला. आठ दिवसांनी येवा, भांग आसा." मला काही कळेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण, भरती-ओहोटी मोठी, पाण्याला ओढ जास्त, मग तळाची वाळू उठते आणि खालचं काही दिसत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस, भरती-ओहोटी लहान, पाणी निवळ. आणि निघायचं सकाळी लवकर, कारण रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो असेपर्यंत समुद्र गप. दुपारकडे खारा वारा सुटला की लाटा येतात आणि नवख्या माणसाला उलट्या होतात. आम्ही नदीकाठची माणसं, आम्हाला पाणी म्हणजे चढतं आणि उतरतं एवढंच ठाऊक. कोयनेतून किती सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आमच्या शेंबड्या पोराला पण पाठ. पण तिथी बघून पाण्यात उतरायचं, हे मला फार आवडलं. मी कालनिर्णय काढून तारीख पुढे नेली, रोहितचा क्लास, भाऊजींची रजा, टेम्पो ट्रॅव्हलरवाला, सगळ्यांना परत फोन. एवढं सगळं मी केलं आणि मोजायची वेळ आली तेव्हा मी सामानापाशी.

हेच, हेच मला खातंय. रागावून सोडून देता येईल असं पण नाही, कारण कोणी काही वाईट बोललेलं नाही.

काल संध्याकाळी मुद्दाम कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. सरकारी घाटाच्या पायऱ्या आता केवढ्या बदलल्यात, पण पाण्याजवळच्या खालच्या दगडांना तोच हिरवट बुळबुळीतपणा. इथेच दादा पोहायला शिकला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून अण्णा त्याला ढकलून द्यायचे, तो ओरडायचा, चार दिवसांनी डबा सुटला आणि मग काय, पोरगं घरी यायलाच तयार नाही. शेजारचा बाळू, आमचा विज्या, सगळे शिकले. मी रोज जायचे त्यांच्याबरोबर. दादाचा शर्ट माझ्या मांडीवर, अण्णांचं घड्याळ माझ्या मुठीत, चपला माझ्या पायापाशी ओळीने लावलेल्या. घड्याळाचा पट्टा घामाने ओला झालेला असायचा आणि माझ्या तळहाताला त्याचा वास यायचा, तो वास मला अजून येतो. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती असायच्या तेव्हा पण मी काठावर, पण तेव्हा सगळं गावच काठावर असायचं, तेव्हा काही वाटायचं नाही.

मला पाण्यात जायला कोणी कधी नको म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, अण्णांशी पण भांडले असते, मी काही गरीब पोर नव्हते. पण विचारलंच नाही तर भांडायचं कशावरून?

ह्यांनी एकदा कबूल केलं होतं, चल तुला मीच शिकवतो म्हणून. ते राहिलंच. जाऊ दे.

आईला परवा रात्री सहज म्हटलं, मी पण उतरू का गं पाण्यात. तर म्हणाली, "तुला कशाला गं आता." त्यातला 'आता' जास्त लागला. आई वाईट अर्थाने म्हणत नाही, तिला पाण्याची भीती बसलीय, २०१९ ला आयर्विनला सत्तावन्न फूट पार झालं तेव्हा तिने जे बघितलंय त्यानंतर तिला बादलीतलं पाणी पण जास्त वाटतं. पण तरी. पन्नाशीच्या बाईला 'आता' म्हणायचं म्हणजे जे करायचं ते करून झालंय असंच ना? मी तर सुरूच केलेलं नाही.

काल रात्रभर मी स्वतःची फार कीव केली. खोटं कशाला लिहू. पडल्या पडल्या सगळे हिशोब काढले, कोणाच्या बारशाला मी स्वयंपाकघरात होते, कोणाच्या लग्नात दागिन्यांची पेटी घेऊन खोलीत बसले होते, सगळ्यांचे फोटो आले आणि माझा एकही नाही. उशी ओली झाली. हे असलं काढायला बसलं की संपत नाही.

सकाळी उठले ती एक गोष्ट डोक्यात घेऊनच. बोट तर आपली आहे, आख्खी. दुसऱ्या कोणाची माणसं तिच्यात नाहीत. मग सामान चोरणार कोण? भर समुद्रात? शेअरिंगची बोट असती तर एक वेळ समजलं असतं. एवढे पैसे जास्त घालून प्रायव्हेट बोट घेतली ती कशाला मग?

दादाला विचारलं नाही. वहिनीला पण नाही. सरळ मालकांना फोन लावला. म्हटलं, बोटीवर कोणी थांबायची गरज असते का. ते म्हणाले, "आमचो झील आसता ना बोटीर, नांगर टाकल्यार तो खय जाता! तुमच्या सामानाक काय एक जावचा नाय." झील म्हणजे त्यांचा मुलगा. मग धीर करून विचारलं, मला पोहता येत नाही, मी उतरले तर चालेल का. माझा आवाज बारीक झाला असणार, कारण ते एकदम हळू बोलायला लागले. म्हणाले, पोहायला यायलाच पाहिजे असं नाही, लाइफ जॅकेट अंगात असतं, आमचा माणूस बाजूला असतो, रिंग धरायची, तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. नाकाने घ्यायला गेलं की मास्क आत ओढला जातो आणि माणूस घाबरतो. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर मारायची. आणि पायाखाली खडक लागला तरी त्यावर उभं राहायचं नाही, ते पोवळं असतं, जिवंत असतं. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो सगळा भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, हे मी वाचलं होतं, पण माशांना पाव टाकून फोटो काढणारे पण तिथे काही कमी नाहीत. मी आधीच सांगून ठेवलंय की आमच्या पोरांच्या हातात पाव द्यायचा नाही, मासे आले तर आले.

"मग धा मास्क टाकतंय," ते म्हणाले. मी हो म्हटलं. एवढंच. सगळं मिळून पाच मिनिटं पण लागली नसतील.

फोन ठेवला आणि मग दादाचा राग पण एकदम उतरला. २०१९ ला आईला पाठीवर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून तोच आला होता, माझी पोरं वरच्या मजल्यावर अडकली होती तर परत तोच गेला. त्याला मी नको आहे असं कधीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर पाणी आलं की मी पायरीवर असते, हातात घड्याळ घेऊन, एवढंच. लहानपणी एकदा जे डोक्यात बसतं ते बसतं. ते मी आता कुठे काढत बसू, आणि काढायला गेले तर तो बिचारा गोंधळेल, म्हणेल अगं तू कधी बोललीस का. त्याची मोजणी असू दे तशीच. मालकांची बदलली की काम झालं.

तरी मधेच परत टोचतं. आत्ता लिहिताना पण टोचलं. नऊ जण पाण्यात. किती सहज म्हणाला तो.

दुपारी गौरीचा पोहायचा गॉगल मागून घेतला, बाथरूममध्ये मोठं घमेलं भरलं, गुडघे टेकून तोंड आत घातलं. नाक चिमटीत धरलं होतं तरी पहिल्यांदा ठसकाच लागला. मग हळूहळू जमलं, आत असेपर्यंत तोंडाने थोडी थोडी हवा सोडायची, बुडबुडे कानापाशी फुटायचे आणि घमेल्याच्या बुडाचा उडालेला टवका एवढा मोठा दिसायचा. पाण्यात सगळं जवळ आणि मोठं दिसतं म्हणे, ते खरंच आहे. गौरी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आत्या, मी तुझ्या बाजूला थांबू का तिथे? मला पण थोडी भीती वाटतेय." तिला सांगितलं थांब की. पोरीला भीती वाटते हे तिने आधी कोणाला सांगितलेलं नाही, वहिनीला तर माहीतच नाही.

आता बाकीची कामं. फोंडा घाटातून जायचं तर राधानगरीच्या अलीकडे पोरांना उलटीच्या गोळ्या द्यायच्या. आईसाठी खोलीवर चहाची सोय आहे का विचारायचं. रोहितला सिंधुदुर्ग पूर्ण बघायचाय, १६६४ ला पाया घातला, बांधला कसा, शिसं कुठे ओतलं, त्याने प्रश्नांची वहीच केलीय, त्याला परतीच्या दिवशी जेटीवरून वेगळं न्यावं लागेल. आणि माझ्या चष्म्याचं बघायचंय. मास्कच्या आत चष्मा बसत नाही आणि चष्म्याशिवाय मला समोरचं माणूस ओळखू येत नाही, मासा काय दिसणार. दीपा म्हणते एका दिवसाच्या लेन्स मिळतात. उद्या विश्रामबागला जाऊन येते, डोळ्यात घालायला जमतंय का ते तिथेच बघते.

ग्रुपवर मी काही टाकलेलं नाही. एक मास्क वाढलाय म्हणजे पैसे वाढलेत, उरलेली रक्कम देताना दादाला दिसेलच. तेव्हा विचारलं तर सांगेन.