उलाळ

"बाहेर झोपाले घर कसाले?"

आबांनी, माझ्या वडिलांनी, हे एकदाच विचारलं आणि पुन्हा विषय काढला नाही. उत्तर देण्यात माझं दीड वर्ष गेलं, प्लायच्या सात शीट गेल्या आणि घरातली थोडी पतही गेली.

प्रश्नात चूक काही नव्हती. अमळनेरजवळच्या आमच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात चैत्रापासून मृगापर्यंत कोणी आत झोपल्याचं मला आठवत नाही. दिवे लागले की धाब्यावर गोधड्या जायच्या, उशाशी तांब्या, आणि कोण काठाला झोपणार यावरून भावंडांची भांडणं. मळ्यात राखणीला गेलं तर खाट होतीच. बाहेर झोपायची कला खान्देशाला कोणी शिकवायला नको. ४५ अंशांत आत झोपून दाखवणं ही खरी कला. आणि अशा मुलखात मी पन्नाशी उलटल्यावर बाहेर झोपण्यासाठी एक पेटी बांधायला घेतली. पेटीला चाकं होती, एवढाच काय तो बचाव.

खूळ मुलानं घातलं. पुण्याहून सुटीत आला होता, मोबाइलवर एक चित्र दाखवलं. दोन चाकांवर ठेवलेला, गाडीमागे ओढायचा लाकडी थेंब. पुढून गोल, मागे निमुळता उतरत गेलेला. आत फक्त गादी. उभं राहायची सोय नाही. मागची डिकी उचलली की तिच्या सावलीत स्वयंपाकघर. अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, ज्यांना मोठं काही परवडत नव्हतं त्यांनी या गाड्या घरच्या घरी बांधायला सुरुवात केली. १९४७ च्या सप्टेंबरात तिथल्या एका मेकॅनिकीच्या मासिकात नकाशा छापून आला. आपल्याकडे तेव्हा स्वातंत्र्याला नुकता महिना झाला होता. युद्धातून उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि जीपची चाकं तिकडे स्वस्तात मिळत होती, त्यामुळे नकाशा अंगणाअंगणात उतरला. मला त्यात सगळ्यात आवडला तो आकडा: गाडी चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब. म्हणजे बाजारात मिळते ती प्लायची शीट! एका बाजूला एक शीट, दुसऱ्या बाजूला दुसरी. ज्याला हे सुचलं त्यानं आधी घर ठरवून मग लाकूड शोधलं नाही, लाकूड बघून घर ठरवलं. आपल्या बायका उरलेल्या पिठाकडे बघून धिरडं की थालीपीठ ठरवतात, तसं.

(मी विज्ञान शिकवतो, म्हणून एवढं सांगून टाकतो: पावसाचा थेंब असा नसतोच. लहान थेंब गोल, मोठा खालून चपटा, पावासारखा. टोकदार थेंब फक्त चित्रात आणि माझ्या खळ्यातल्या शेडमध्ये.)

गावात अर्थातच त्याला कोणी थेंब म्हणालं नाही. 'खुराडं' हे नाव पहिल्या आठवड्यात पडलं. एकानं 'अंडं' सुचवून पाहिलं, ते टिकलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढतात, तेव्हा "गुरुजी, औंदा तेरावी तुमची लावू" असंही ऐकून झालं.

बांधकामातला वळणाचा भाग मी विसरणार नाही. कागदावरची कमान प्लायवर कशी उतरवायची, या चिंतेत मी आलेखाचे कागद चिकटवत बसलो होतो. सुतारमिस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग उठले, बांबूची एक लांब कामटी काढली, शीटवर चार ठिकाणी खिळे ठोकले आणि कामटी त्यांच्यामधून वाकवून सोडली. तिनं आपणहून जे वळण घेतलं त्याला कुठे कोपरा नाही, कुठे पोक नाही. "तिला जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या सर," म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल काढून एका दमात रेघ मारली. माझे आलेखाचे कागद त्यांनी नंतर फेविकॉल पुसायला वापरले.

छताचा प्लाय मात्र पहिल्यांदा तडाड करून मोडला. सहा मिलिमीटरचा, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवलेला, तरी मोडला. वरच्या थराच्या रेषा गाडीच्या रुंदीला समांतर असल्या की प्लाय मुकाट वाकतो; लांबीच्या दिशेनं असल्या की मोडतो. मग शीटचे दोन तुकडे केले, पाव वळसा फिरवून बसवले आणि काम झालं. आत तीन मिलिमीटरचा पातळ प्लाय, मधे इंचभर थर्मोकोल.

वरून पत्रा मारायचा होता. मिस्त्री म्हणाले, मे महिन्यात आत भाकरी भाजायची असेल तर मारा. म्हणून कापड घातलं. लाकडावर पाण्याला न विरघळणारा फेविकॉल, त्यावर मांजरपाट ताणून, त्यावर पुन्हा फेविकॉल, आणि मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग, चार हात. तिकडच्या हौशी लोकांतही हा गरिबाचा फायबर चालतो. आम्ही कापसाच्या मुलखातले, आम्हाला कापड अंगावर चढवायला काय लागतं! वाळल्यावर बोटानं वाजवलं तर डफासारखा आवाज आला.

आतल्या सजावटीत माझं काही चाललं नाही. मी यादी केली होती: दोन दिवे, छोटा पंखा, मोबाइल चार्जिंग, पुस्तकांचा कप्पा. हिनं यादी वाचली आणि विचारलं, "अहो, बडगी कुठे बसणार?" भरीत ठेचायची लाकडी बडगी बसेल असा कप्पा आधी निघाला, मग बाकीचं स्वयंपाकघर त्याच्याभोवती आखलं गेलं. मसाल्याचा डबा, पोळपाट, कळण्याच्या भाकरीचा तवा, पाच किलोचा सिलिंडर, वीस लिटरचा पाण्याचा जार. दिव्यांसाठी ट्रॅक्टरची बॅटरीही तिथंच खाली कोंबली. पुस्तकांच्या कप्प्यात आता लसूण असतो.

गादी पिंजून घेतली, घरच्याच कापसाची. चार फुटांत दोन माणसं म्हणजे कूस बदलायची तर ठराव मांडून. पायजमा आडवं पडूनच घालावा लागतो, आणि या वयात ते दिसतं तितकं सोपं नाही.

पाणी पहिल्याच रोहिणीच्या सरीत आत आलं. डिकीची बिजागरी वर, छताच्या कडेला. लांबलचक, सबंध रुंदीची. तिच्या सांध्यासांध्यातून पाणी ओघळलं आणि नेमकं हळदीच्या डब्यात. पिवळा ओघळ अजून प्लायवर आहे. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ती पट्टी बिजागरीवर चिकटवली, आता थेंब येत नाही. येतो तो आतून. मार्गशीर्षात खिडक्या घट्ट लावून झोपलो तर पहाटे छताला दव धरलं होतं आणि हिच्या कपाळावर टपकत होतं. बाहेर आभाळ निरभ्र. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, दुसरं काय! तेव्हापासून कितीही थंडी असो, दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या आणि पंखा हळू.

आता मुख्य गोष्ट.

गाडी तयार झाली, सामान भरलं. जोडायची कडी पुढच्या दांडीच्या टोकाला, तिच्याखाली विटा. आबा बघायला आले. वय ८४. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस; आमचं बिऱ्हाड, कापूस, एकदा तर आईला बाळंतपणाला, सगळं त्यांनी गाडीतूनच नेलं. त्यांनी रंग पाहिला नाही, दिवे पाहिले नाहीत, गादी दाबून पाहिली नाही. सरळ पुढे गेले, दांडीच्या टोकाखाली दोन बोटं घातली आणि कडी विटांवरून अलगद उचलली.

"हाई ते उलाळ शे रे भो."

उलाळ म्हणजे मागे जड. बैलगाडीत भार मागे गेला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला ताण बसतो आणि चढावर गाडी बैलांनाच मागे खेचते. "बैलना मानवर थोडंसं वजन जोयजे," आबा म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. मी मनात हसलो. इथं बैल कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी वांगी आणली, भरिताची हिरवी, पांढरट रेघांची. डिकी उघडली आणि कांदा चिरायला मी ओट्याच्या कडेवर टेकलो. मी ७४ किलोचा. एक क्षण काहीच झालं नाही. मग समोरचं क्षितिज हळूच वर सरकलं. दांडी आभाळाकडे गेली, गाडीची शेपटी जमिनीला टेकली आणि आतून गादी, उशा, कंदील, तेलाची बाटली असा सगळा संसार मधलं दार ढकलून माझ्या पाठीवर आला. बडगी सगळ्यात शेवटी आली. खाटेवरून आबा उठलेसुद्धा नाहीत.

गेली २६ वर्षं मी मुलांना तरफ शिकवतो. टेकू, भार, बल. फळ्यावर सी-सॉ काढतो. आणि ट्रेलर बांधणारी दुनिया पहिला नियम सांगते तो हाच, की एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन जोडणीच्या कडीवर पडलंच पाहिजे. कमी पडलं तर रस्त्यावर वेग वाढताच मागची गाडी शेपटीसारखी हेलकावते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. हे मी वाचलं होतं. अधोरेखितही केलं होतं.

न्हाणीघरातला वजनकाटा आणून कडीखाली ठेवला. गाडी सामानासकट साडेतीनशे किलोच्या आसपास. काटा ४ किलो दाखवत होता. हवे होते पस्तिसाच्या वर. वहीत गणित मांडलं. पाण्याचा जार २० किलो, बॅटरी २५, दोन्ही आखाच्या मागे तीन फुटांवर. दांडीवर पुढे एक पेटी वेल्ड करून घेतली, आखापासून पाच फुटांवर, आणि ही ४५ किलोची जोडगोळी तिथं नेली. तीन आणि पाच, आठ फुटांचा प्रवास. आखापासून कडीपर्यंतही आठच फूट. म्हणजे जेवढं हलवलं तेवढंच्या तेवढं कडीवर आलं. काटा ४९. आबांना हाक मारली. त्यांनी पुन्हा दोन बोटं घातली, कडी हलली नाही. मान डोलावली. ते दोन बोटांनी जे वाचत होते त्याला मला वजनकाटा, वही आणि पाठीवर बडगी लागली.

तोरणमाळला जायचं मनात आहे. यशवंत तलावाच्या काठी डिकी उघडून चहा करायचा, हे चित्र माझ्या डोक्यात तयार आहे. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच. त्याला नोंदणी हवी, नंबर हवा. नंबराची पाटी लागेपर्यंत आमचं पर्यटन स्वतःच्या बांधाच्या आत: विहिरीजवळ एक मुक्काम, चिंचेखाली एक, फार तर नाल्याच्या कडेला. मिनी ट्रॅक्टर ओढतो. गंमत म्हणजे मळा तोच, पण चिंचेखालून विहीर वेगळी दिसते.

नाल्याकडेच्या मुक्कामात ठेलारी आले होते. रिकाम्या कपाशीच्या रानात त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. घोड्यावर सगळं बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, वर बांधलेल्या दोन कोंबड्या आणि झोळीत एक कालचं कोकरू. त्यांच्यातली एक म्हातारी आमच्या गाडीला पूर्ण फेरी घालून आली. दारातून डोकं आत घातलं, गादी पाहिली, मागे येऊन कप्पे उघडून पाहिले. मी वाट बघत होतो. तिनं इकडेतिकडे नजर टाकली आणि विचारलं, "मेंढरं कुठाएत?" नाहीत म्हणालो. एवढं घर घेऊन फिरतो आणि मेंढरं नाहीत, याचा तिला काही केल्या मेळ लागेना. निघताना हिच्याकडे बघून मान हलवली, बिचारीला काय नवरा मिळाला अशी.

परवाचा मुक्काम चिंचेखाली होता. रात्री अवकाळी शिडकावा झाला आणि मागचे दोन लोखंडी टेकू काळ्या मातीत वीतभर रुतले. सकाळी डिकी उघडली तर गाडी मागे किंचित झुकलेली. ओट्यावर पाणी ठेवलं तर कडेला धावायचं. पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली होती, भाकऱ्या व्हायच्या होत्या, आणि तवा ठेवायची छाती होत नव्हती. आबा दुधाची किटली घेऊन आले. रुतलेले टेकू पाहिले, काही बोलले नाहीत. किटली हिच्या हातात दिली, काठी गाडीला टेकवली आणि पुढे जाऊन दांडीवर बसले. बैलगाडीवर बसायचे तसेच, एक पाय दुमडून, तोंड शिवाराकडे.

ओट्यावरचं पाणी सपाट झालं. हिनं बडगी ठेवली, मग तवा, मग परात.

"टाक भाकर," ते तिकडे बघतच म्हणाले. "मी बठेल शे."