तुम्ही विचारलंत म्हणून : चंद्राला खळं होतं

अंबाजोगाईत मी भूगोल शिकवते. फेब्रुवारीत हिमालयातून परतल्यापासून एकच प्रश्न मला स्टाफरूममध्ये, मंडईत, लग्नाच्या पंगतीत भेटतो : "मॅडम, शिखर अर्ध्या तासावर होतं म्हणता, मग मागे फिरलात कशाला?" विचारणाऱ्याच्या आवाजात खरी हळहळ असते. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यात तुंगनाथ आहे. शंकराच्या पंचकेदार देवळांपैकी एक, उंची ३६८० मीटर. त्याच्याही वर चंद्रशिला, तुम्ही विचारता ते शिखर, सुमारे ४००० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. पायथ्याच्या चोपत्यापासून देवळापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर फरसबंद वाट आहे. उन्हाळ्यात म्हातारी माणसंही खेचरावर बसून जातात. हिवाळ्यात देऊळ बंद असतं, देव खाली मक्कूमठ गावाला नेलेले असतात, आणि तीच फरसबंदी घात करते. दिवसा वितळलेलं पाणी रात्री दगडावर गोठतं. भुसभुशीत बर्फ पाय धरून तरी ठेवतो, या काचेसारख्या थरावर बूट ठरतच नाही. त्यासाठी बुटाला खिळ्यांच्या साखळ्या चढवतात, मायक्रोस्पाइक्स म्हणतात त्यांना.

तयारी मी इथंच केली. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या उतारावर, पाठीवरच्या पिशवीत दहा किलो ज्वारी घेऊन, चार महिने. पायांची तयारी तशी होते. उंचीची होत नाही : ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तो तिथं गेल्यावरच कळतो. सोबत येणारी मैत्रीण घरच्या आजारपणामुळे ऐनवेळी थांबली. मी परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं एकटीच निघाले.

आता खरं उत्तर. ते केज तालुक्यातून सुरू होतं.

जमिनीवर पसरलेला बर्फ मी पहिल्यांदा आमच्या शेतात पाहिला, २०१४ च्या मार्चमध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मराठवाड्यावर गारपिटीचा जो मारा झाला, तो इथलं कुणी विसरलेलं नाही. त्याच्या आदल्या रात्री चंद्राभोवती मोठं कडं पडलं होतं. अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "खळं पडलंय बघ," आणि लगेच खळ्यावरच्या हरभऱ्यावर ताडपत्री ओढायला गेले. वरच्या खळ्याला आणि खालच्या खळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे. दुसऱ्या दिवशी उभा गहू अर्ध्या तासात आडवा झाला आणि बांधापर्यंत सगळं पांढरं. हरभरा तेवढा वाचला.

वर्गात मी मुलांना सांगते, फार उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो, म्हणून ते कडं दिसतं. असे ढग बऱ्याचदा येणाऱ्या बिघाडाची पुढची कड असतात. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, हिमालयात बर्फ पाडतात. त्यांचा प्रभाव खाली उतरला आणि बंगालच्या उपसागरावरचं बाष्प त्याला मिळालं, की आपल्याकडे गारा पडतात. तिथला बर्फ आणि आपली गार कधीकधी एकाच घरच्या असतात.

चोपत्यात मुक्कामाच्या रात्री नऊ वाजता बाहेर आले, तर चंद्राला खळं होतं.

ढाब्यावर चुलीवरच्या पातेल्यात बर्फ वितळत होता, नळ गोठले होते. पातेलंभर ताजा बर्फ वितळला की तळाशी तांब्याभर पाणी. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी बहीण तिथं राहत होती. ते पातेलं मी बराच वेळ बघत बसले. ढाबेवाल्यानं विचारलं, "दीदी, कितने बजे तक लौटोगी?" मी दोन म्हणाले. तो म्हणाला, दोनपर्यंत दिसला नाहीत तर पोरांना वर पाठवीन. एकटं जाणं म्हणजे कुणालाच न सांगता जाणं नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि त्या माणसाच्या भरवशावर मी निघाले, हेही मला सांगितलंच पाहिजे.

पहाटे तारे लख्ख होते. मोबाईलवरचा अंदाज संध्याकाळनंतर बर्फ सांगत होता. मी स्वतःची समजूत घातली की खळं रात्रीपुरतं होतं. वहीत लिहिलं : अकराला जिथं असेन तिथून परत.

तुंगनाथाला पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. चौखंबा समोर उभा होता, ७१३८ मीटरचा, आणि इतका जवळ वाटत होता की माझ्या तोंडून आपोआप "महादेवा" निघालं. देवळाच्या बंद दारापुढे डोकं टेकलं. औंढ्याला, परळीला, वेरूळला गर्दीत पाहिलेला देव इथं एकटा होता, आणि मीही. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन.

पुढच्या धारेवर वारा फिरला. आधी चौखंबा गेला, मग त्याच्या अलीकडची रांग. सूर्य दिसेना पण अंधारही नाही, सगळीकडे सारखाच पांढरा उजेड. सावली नसली की उतार कळत नाही. पाऊल टाकायची जागा वर आहे की खाली, हे काठीनं चाचपावं लागत होतं. मग साबुदाण्याएवढे पांढरे गोळे जॅकेटवर टपटपू लागले. तो आवाज मी ओळखला. असे गोळे पडतात त्या ढगात हवा जोरात वर-खाली होत असते, वीजही असू शकते, आणि त्या धारेवर सगळ्यात उंच वस्तू मी होते. घड्याळात दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. अकरापर्यंत थांबायचं काहीच कारण नव्हतं. मी वळले.

शिखर त्या वेळी दिसत नव्हतं. तुम्ही "शिखर समोर असताना" म्हणता ना, तसं ते नव्हतं. अर्धा तास हा हवा चांगली असतानाचा हिशोब. आणि शिखरावर पोचणं ही निम्मी वाट असते.

उरलेली निम्मी मला जड गेली. हातमोजे न काढता चढवलेला डाव्या पायाचा स्पाइक देवळाच्या खाली निसटला. मी आठ-दहा फूट घसरले आणि वाटेच्या कठड्याला अडकले. गुडघा सुजला. चूक सर्वस्वी माझी होती. कठडा सगळीकडे नाही, हे वर जाताना मी पाहिलं होतं. एकट्यानं जा असं मी कुणालाही सांगणार नाही, माझ्या विद्यार्थिनींना तर नाहीच.

दीडला ढाब्यात शिरले. ढाबेवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि चहा ठेवला.

उखीमठला उतरल्यावर घरी फोन लावला. अण्णांना सगळं सांगितलं, खळ्यासकट. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "खळं दिसलं हुतं तर गेलीसच कशाला गं?"

मी खरं ते सांगितलं : पहाटे तारे दिसले आणि मला जायचंच होतं.

"बरं," अण्णा म्हणाले. "हरभरा खळ्यावर आलाय. आजच झाकून घेतो."