कुशीनगरची आजी

"एवढा मोठा मानूस, अन् देह ठेवाले हेच लहानसं गाव भेटलं?"

महापरिनिर्वाण मंदिरात माझ्या शेजारी बसलेली आजी हळूच म्हणाली. पांढरं लुगडं, वऱ्हाडी बोली. समोर उजव्या कुशीवर निजलेले तथागत बुद्ध. सुमारे सहा मीटर लांबीची मूर्ती, अंगावर सोनेरी चीवर. थाई भिक्खूंचं पठण नुकतंच संपलं होतं.

मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही. रात्री धर्मशाळेत आठवलं, अगदी हेच बुद्धांचा शिष्य आनंद यानं विचारलं होतं! बुद्धांच्या शेवटच्या दिवसांची हकिकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात आहे. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी मोठी नगरं असताना या मातीच्या गावात परिनिर्वाण नको, असं तो विनवतो. आणि तथागत म्हणतात, असं म्हणू नकोस आनंदा, एके काळी ही महासुदर्शन राजाची राजधानी कुशावती होती.

त्याच सुत्तातला चुंद मला फार जवळचा वाटतो. लोहाराचा मुलगा. त्याच्या घरचं जेवून तथागत आजारी पडले. तरी शेवटच्या वाटेवर त्यांना काळजी कसली, तर चुंदाला कुणी दोष देऊ नये याची. ज्ञानप्राप्तीआधीचं आणि परिनिर्वाणाआधीचं, ही दोन भोजनदानं सर्वात श्रेष्ठ, असं चुंदाला सांगायला त्यांनी आनंदाला बजावलं.

मूर्तीच्या पायांशी आजीनं बराच वेळ कपाळ टेकलं होतं. उठताना माझा हात धरला. तळवा खरखरीत, कामाचा.

उद्या सकाळी रामाभार स्तूपाकडे, तथागतांवर अंत्यसंस्कार झाले त्या जागी, ती भेटेल का? तिला आनंदाची गोष्ट सांगायची राहिलीय.